बोटभर पिनेची गोष्ट

चांदणी चौक ओलांडला की बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि मग मुळशी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी निम्मं पुणं याच रस्त्याने भजी खायला निघालेलं असतं. या रस्त्याच्या दोन टोकांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. भुकूमहून पुण्याकडे तोंड करून उभं राहिलात तर टेकड्यांपलीकडे पाषाण आहे. तिथे एआरडीई आहे, म्हणजे १९५८ साली सुरू झालेली डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन संस्था. पाठ फिरवून उलट निघालात तर रस्ता ताम्हिणी घाट उतरून, निजामपूरवरून माणगावला पोचतो. याच माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. त्यांना दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही मरणोत्तर.

एका टोकाला कार्बाइनचं डिझाइन करणारे लोक आणि दुसऱ्या टोकाला तशाच एका बंदुकीनिशी मशीनगनवर धावून गेलेला माणूस. आजचा लेख या दोघांना जोडणाऱ्या एका बोटभर लांबीच्या भागाबद्दल आहे. त्याचं नाव फायरिंग पिन. एवढ्याशा गोष्टीवर अख्खा लेख? हो! कारण ही पिन तुटू नये म्हणून माणसाने काय काय केलं, आणि त्याची किंमत कुठे मोजली, हा मोठा मजेदार इतिहास आहे. आपण कोड लिहिणाऱ्यांना तर तो फारच ओळखीचा वाटेल.

आधी थोडी ओळख. कार्बाइन म्हणजे मुळात घोडेस्वाराची आखूड बंदूक. आपल्याकडे आता या शब्दाने डोळ्यांपुढे येते ती मंत्र्याच्या मागे उभ्या असलेल्या पोलिसाच्या खांद्यावरची काळी, भोकाभोकांची नळी असलेली, डाव्या बाजूला वाकडं मॅगझिन असलेली बंदूक. ती रायफलची नाही, पिस्तुलाची गोळी झाडते. ९ मिलिमीटर, केस १९ मिलिमीटर लांब, गेऑर्ग लुगर या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तयार केलेलं काडतूस. पल्ला कमी, धक्का कमी. जिना, बोळ, खोली, खंदक अशा ठिकाणी, शत्रू दहा-वीस पावलांवर असताना वापरायचं हे हत्यार आहे. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पिन. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. तिच्यात ठोका बसला की पेटणारं रसायन असतं. चाप ओढला की घोडा सुटतो, तो पिनेच्या मागच्या टोकावर आदळतो, पिन पुढे जाते आणि तिचं गोलसर टोक टोपीत रुततं. टोपी पेटते, दारू पेटते, गोळी सुटते. सगळा मामला मिलिसेकंदांचा. पिनेचं टोक किती बाहेर यावं याचं गणित नाजूक असतं. कमी आलं तर ठोका हलका बसतो आणि गोळी सुटतच नाही. जास्त आलं तर टोपीला भोक पडतं आणि त्यातून मागे येणारा तापलेला वायू पिनेचं टोक खात जातो.

आणि पिन तुटली तर? दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली, चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ होतं, पुढे काही नाही. दुसरी त्याहून वाईट. तुटलेला पुढचा तुकडा भोकात अडकून बाहेर डोकावत राहतो. मग बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे आला की चाप न ओढताच टोपीवर ठोका बसू शकतो. म्हणजे पहिल्या प्रकारात बंदूक तुमचं ऐकत नाही आणि दुसऱ्यात ती स्वतःच्या मनाने वागते!

पिना तुटायची तक्रार कार्बाइनहून बरीच जुनी आहे. प्रशियाच्या सैन्याने १८४१ साली ड्रायझे यांची ‘सुईची बंदूक’ स्वीकारली. तिच्यात टोपी काडतुसाच्या बुडाशी नव्हती, आत गोळीच्या मागे होती. त्यामुळे तिथपर्यंत पोचायला लांब, बारीक सुई लागायची, आणि ती कागदाचं काडतूस आणि दारू भोसकून आत जायची. दर वेळी पेटत्या दारूत ही सुई होरपळायची, गंजायची आणि तुटायची. उपाय काय? शिपायाने सोबत जादा सुया बाळगायच्या आणि मैदानात बदलायच्या. बस्स! याच बंदुकीने १८६६ साली केनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाची दाणादाण उडवली. भाग तुटणार हे गृहीत धरून तो पटकन बदलता येईल अशी सोय करणं, हेसुद्धा एक डिझाइनच की.

गंमत अशी की त्याच काळात त्याच प्रशियात आउगुस्ट व्योलर नावाचा रेल्वे इंजिनियर डब्यांचे आस का तुटतात याच्या मागे लागला होता. एका घावात न तुटणारं लोखंड लाखो छोट्या धक्क्यांनी तुटतं, हे त्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून मांडलं. इंजिनियरिंग झालेल्यांना ‘फटीग’चा धडा आठवत असेल. पिनेचं दुखणंही तेच. ती एका ठोक्याने मोडत नाही. जिथे जाड भाग बारीक होतो त्या कोपऱ्यात, किंवा लेथच्या टूलने उठलेल्या एखाद्या ओरखड्यात, केसाहून बारीक चीर जन्माला येते. प्रत्येक ठोक्यागणिक ती किंचित वाढते. बाहेरून काही दिसत नाही. आणि मग एक दिवस...

पुढे धातूची काडतुसं आली, टोपी बुडाशी आली, सुई आखूड आणि जाड झाली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच स्थित्यंतराच्या काळातला. पिनेचं आयुष्य वाढलं. मग विसाव्या शतकात मिनिटाला पाचशे-सातशे गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आल्या आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. तासाभरात बसणारे ठोके आता मिनिटाभरात बसू लागले.

अमेरिकन थॉम्पसन, म्हणजे सिनेमातली ‘टॉमी गन’, हिची गोष्ट घ्या. तिच्या १९२८ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या आत वेगळी पिन, पिनेची स्प्रिंग आणि तिच्यावर आदळणारा छोटा तिकोनी घोडा होता. काम घड्याळजीचं आणि किंमतही तशीच. १९३९ साली एका बंदुकीला २०० डॉलरच्या वर पडत. युद्ध लागलं, लाखांनी बंदुका हव्या झाल्या आणि डिझाइनवर कात्री चालली. १९४२ साली आलेल्या एम१ए१ या मॉडेलमध्ये पिन, स्प्रिंग आणि घोडा तिन्ही गायब! बोल्टच्या तोंडावरच एक छोटा उंचवटा कोरून ठेवला, तीच पिन. बोल्ट मागे अडकवून ठेवायचा, चाप ओढला की तो अख्खा पुढे धावतो, वाटेत काडतूस उचलतो, नळीत कोंबतो आणि त्याच धडकेत टोपी फुटते.

थोडक्यात, तुटू शकणारी सुटी पिनच काढून टाकली. न रहेगा बांस! आपण नाही का एखादं सतत क्रॅश होणारं मॉड्यूल दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता सरळ उडवून टाकत?

आता या बंदुका कुणाच्या हातात होत्या ते बघा. १० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ ऱ्या बटालियनमध्ये नाईक यशवंत घाडगे एका सेक्शनचे प्रमुख. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी ती मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले. टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. तोवर मॅगझिन रिकामं झालं आणि बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी संपवलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, याच रेजिमेंटच्या १ ल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगातून ओढून आणल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला गोळी लागली आणि टॉमी गन चालवता येईना. ती फेकून देऊन त्यांनी ग्रेनेडवर काम भागवलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते तो घालायला जिवंत राहिले. १९८४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं.

या दोन्ही प्रसंगांत बंदुकीने दगा दिलेला नाही. मग ते इथे का सांगतोय? मघाचं ते अंतर आठवा. दहा-वीस पावलांवर बंदूक थांबली तर पुढे काय करावं लागतं ते या दोघांच्या गोष्टीत दिसतं. उलटी धरून मारायची किंवा फेकून द्यायची. तिसरा पर्याय नसतो. रायफलवाल्याला दोनशे मीटरवर आडोशाला जाऊन बिघाड काढायची थोडी तरी संधी असते, कार्बाइनवाल्याला ती नसते. म्हणून या वर्गातल्या बंदुकीत पिनेला एवढं महत्त्व.

इकडे ब्रिटनने काटकसरीचा कळस केला. डंकर्कनंतर हत्यारांचा खडखडाट होता. मेजर शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी १९४१ साली स्टेन गन आणली. एक पाइप, एक बोल्ट, एक स्प्रिंग आणि थोडं वेल्डिंग. किंमत दोन-अडीच पौंड. युद्ध संपेपर्यंत चाळीस लाखांच्या आसपास बनल्या. पिन अर्थातच बोल्टच्या तोंडावर कोरलेली.

पण बिघाड असा कुठे जातो होय? तो फक्त जागा बदलतो. स्टेनमध्ये तो आला मॅगझिनमध्ये. दोन रांगांतली काडतुसं वर एका रांगेत यायची आणि ओठ जरा वाकले की अडकायची. आणि दुसरं त्याहून धोकादायक. बंदूक दस्त्यावर आपटली की जड बोल्ट धक्क्याने थोडा मागे सरकायचा. खिटीत अडकण्याइतका नाही, पण काडतूस उचलण्याइतका. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलायची, आणि तोंडावर पिन तर कायमचीच बाहेर आलेली. ठो! जीपमधून उडी मारताना, पायऱ्यांवर हातातून सुटताना आपल्याच माणसांना गोळी लागायची. सुटी पिन असती तर ती घोड्याची वाट बघत मागे थांबली असती. पक्की पिन कुणाचीच वाट बघत नाही.

२७ मे १९४२ रोजी प्राग शहरात नाझी अधिकारी हायड्रिखच्या गाडीसमोर जोसेफ गाबचिक हा स्लोव्हाक सैनिक स्टेन घेऊन उभा राहिला, चाप ओढला आणि काहीच झालं नाही. साथीदार यान कुबिशने बॉम्ब टाकला म्हणून काम झालं. हायड्रिख ४ जूनला मेला. न तुटणारी पिन असलेली बंदूक नेमक्या क्षणी मुकी राहू शकते, याचं याहून प्रसिद्ध उदाहरण नसेल.

तरी हीच स्टेन आपल्या सैन्याने स्वातंत्र्यानंतरही वापरली. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी काश्मीरमध्ये नौशेराजवळच्या तैनधारला नाईक जदुनाथ सिंग आपल्या चौकीतून शेवटी एकटे बाहेर पडले ते हातात स्टेन घेऊन. परमवीर चक्र, मरणोत्तर.

स्टेनची जागा घेतली स्टर्लिंगने. जॉर्ज पॅचेट यांचं डिझाइन, ब्रिटिश सैन्याने १९५३ साली स्वीकारलेलं. आपल्या कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती बनू लागली आणि पोलिसाच्या खांद्यावरची ‘कार्बाइन’ झाली. पिन पक्कीच, बोल्ट मागे राहणाराच. मात्र मॅगझिन ३४ गोळ्यांचं, वाकडं आणि आत रोलर असलेलं, त्यामुळे अडकणं खूप कमी. बोल्टवर तिरप्या खाचा कोरल्या, त्या धूळमाती खरवडून बाजूला सारत. स्टेनच्या बऱ्याच चुका इथे निस्तरल्या गेल्या. एक राहिलीच. चाप ओढल्यावर पाऊण-एक किलोच्या आसपासचं लोखंड पुढे धावतं, त्यामुळे पहिल्या गोळीआधीच नेम हलतो. रणांगणात चालून जातं. ओलिसाच्या मागे दडलेल्या अतिरेक्यावर नेम धरायचा असेल तर नाही चालत.

इथे जर्मनीची एमपी५ आली. १९६० च्या दशकातली ही बंदूक ९ मिलिमीटरचीच, पण तिचा बोल्ट आधीच बंद होऊन बसलेला असतो. चाप ओढल्यावर हलतात ते फक्त घोडा आणि पिन. नेम जागचा हलत नाही. १९८० साली लंडनच्या इराणी वकिलातीवरच्या कारवाईत ती जगाला दिसली, आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत एनएसजीच्या कमांडोंच्या हातात आपल्यालाही दिसली. म्हणजे काय झालं? युद्धकाळात काढून टाकलेली सुटी पिन परत आली. आणि तिच्याबरोबर तिचं तुटणंही.

आता पाषाण. एआरडीईने इन्सास रायफल केली तेव्हा त्याच ५.५६ च्या काडतुसावर कार्बाइनही करून बघितली. पण रायफलची दारू आखूड नळीत पूर्ण जळत नाही. तोंडाशी जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. मग काडतूसच आखूड केलं, ५.५६×३०, म्हणजे पिस्तूल आणि रायफल यांच्या मधलं. त्यावर जी बंदूक झाली ती आज जेव्हीपीसी म्हणून ओळखली जाते. वजन ३ किलो, वेग मिनिटाला ७०० हून जास्त, पल्ला १०० मीटर, गॅसवर चालणारी. डिसेंबर २०२० मध्ये सैन्याच्या शेवटच्या चाचण्या पार पडल्याचं डीआरडीओने जाहीर केलं. डिझाइन पाषाणचं, बंदूक कानपूरची आणि काडतूस आपल्या खडकीचं. महिनाभराने, जानेवारी २०२१ मध्ये, ‘अस्मी’ आली. अस्सल ९ मिलिमीटर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी चार महिन्यांत उभी केलेली. चापाचे भाग थ्रीडी प्रिंटिंगने, वरचा सांगाडा विमानाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा.

कार्बन फायबर, थ्रीडी प्रिंटिंग, बातमीत हे येणारच. पिनेची बातमी कोण करतो? पण ७०० चा वेग म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन अडीच सेकंदांत रिकामं. अशी शेकडो मॅगझिनं एका बंदुकीतून जातात तेव्हा जुन्या लोहाराचा प्रश्नच उरतो. पाणी नीट चढलंय का? कोयत्याला पाणी जास्त चढलं तर धार तुकड्याने उडते, कमी चढलं तर वळते. पिनेचंही तेच. फार कडक केली तर काचेसारखी तुटणार, मऊ ठेवली तर टोक चेपून बसणार. म्हणून मिश्र पोलाद निवडायचं, टणकपणा ठरावीक हद्दीत ठेवायचा, जाडी बदलते तिथला कोपरा काटकोनात न ठेवता गोल करायचा, पृष्ठभाग घासून ओरखडे काढायचे. मुलामा चढवताना पोलादात शिरलेला हायड्रोजन भट्टीत तापवून बाहेर काढायचा, नाहीतर तोच आतून पोलाद ठिसूळ करतो. यातलं एकही काम रॉकेट सायन्स नाही. पिरंगुटच्या कारखान्यांत रोज गाड्यांच्या भागांवर याहून अवघड कामं होतात. फक्त दर पिनेला, दर वेळी, न कंटाळता करावं लागतं.

आणि एवढं करूनही ती कधीतरी तुटणारच. म्हणून खरी लढाई कारखान्यातून कोतात येते. कोत म्हणजे पलटणीचं किंवा पोलीस मुख्यालयाचं शस्त्रागार. तिथला आर्मरर गेज लावून पिन किती बाहेर येते ते मोजतो, भिंगातून टोक बघतो, ठरल्या मुदतीनंतर दिसायला ठणठणीत असलेली पिनसुद्धा बदलतो. हे होतं का, कपाटात जादा पिना आहेत का, आणि बंदूक मुळात वर्षातून किती वेळा झाडली जाते, हे प्रश्न डिझाइनच्या कुठल्याच पुरस्काराला पात्र नाहीत.

एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, .२२ रायफलचा चाप रिकामा ओढला की उस्ताद ओरडायचे. कारण त्या रायफलची पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसेल तर ती थेट नळीच्या पोलादावर आदळते. इतर बंदुकांतही पिनेला पुढे टोपीचा मऊ आधार न मिळता ठोका बसत राहिला तर जुन्या घडणीच्या पिना लवकर दमतात. त्यासाठी ड्रिल काडतुसं असतात. पण खऱ्या सरावाला खरी काडतुसंच लागतात, आणि पिन मेली आहे की जिवंत हेही तेव्हाच कळतं. २६/११ नंतर नेमलेल्या प्रधान समितीने पोलिसांच्या सरावाला दारूगोळा पुरत नसल्याची नोंद केली होती. त्याची चर्चा ‘पोलिसांचा नेम’ एवढ्यावरच झाली. माझ्या मते त्यात बंदुकीची तब्येतही आली. न झाडलेली बंदूक म्हणजे कधीच रन न केलेला कोड. कंपाइल होतो, एवढंच आपल्याला माहीत असतं.

पावणेदोनशेहून जास्त वर्षांत या भागाने तीन उत्तरं पाहिली. प्रशियाने जादा सुया खिशात दिल्या. स्टेनवाल्यांनी सुई बोल्टलाच चिकटवली आणि तुटण्याऐवजी अवेळी सुटणं पत्करलं. आजच्या बंद बोल्टच्या बंदुकांनी सुई परत सुटी केली आणि भरवसा टाकला तो चांगल्या पोलादावर आणि वेळच्या वेळी होणाऱ्या तपासणीवर. तिसरं उत्तर सगळ्यांत चांगलं आहे यात शंका नाही. पण पहिली दोन उत्तरं बंदुकीबरोबर फुकट मिळायची. तिसरं दर महिन्याला, कोतातल्या त्या माणसाने गेज हातात घेतलं तरच मिळतं.

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी जरा शांततामय विषय घेऊ!